स्वामी कुवलयानंद व देहाचे आपोआप चालणारे व्यापार

फाल्गुन महिन्यात नाथषष्ठीच्या यात्रेस आमचे पैठण गाव माणसांनी भरून जाते, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. गोदावरीच्या काठी दिंड्या उतरतात, रात्रंदिवस भजने चालतात, आणि जेथे इतकी माणसे एकत्र येतात तेथे आपापल्या कलेवर पोट भरणारे लोकही येतात. काही वर्षांपूर्वीच्या एका यात्रेत भगवी कफनी घातलेला एक मनुष्य वाटेच्या कडेला सतरंजी टाकून बसला होता. मनास येईल तेव्हा आपण आपली नाडी बंद करितो, असे तो सांगे. आमच्या मंडळीतील दोन तरुणांनी त्याचे मनगट धरून पाहिले. नाडी प्रथम मंद झाली व थोड्याच वेळात लागेनाशी झाली. दोघे तसेच धावत माझ्याकडे आले. त्यांच्या मागोमाग मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. ह्यांस हृदयाचा विकार असून डॉक्टरांनी रोज घ्यावयाच्या गोळ्या लिहून दिलेल्या आहेत. तरुणांस नवल वाटले होते, पण ह्या आबांचा प्रश्न निराळा होता. तो मनुष्य जर आपल्या हृदयास हुकूम देऊ शकतो व ती विद्या थोड्याशा पैशांत शिकवितो, तर ती शिकून घेऊन आपण गोळ्या का सोडू नयेत, असे ते विचारीत होते.

त्या दिवशी मला त्यांचे नीट समाधान करता आले नाही. हे थोतांड आहे एवढेच म्हणणे सोपे होते, पण तरुणांच्या बोटांखालची नाडी बंद पडली होती ही गोष्ट खोटी नव्हती. उत्तर शोधीत असता मला ज्या मनुष्याच्या कामाचा आधार सापडला, त्याने आपले बहुतेक आयुष्य लोणावळ्यास ह्याच जातीच्या प्रश्नांवर घालविले. ह्या पत्रात एका हिंदु योगाभ्यासकाचे चरित्र कशास, असे कोणाच्या मनात येईल. त्यांचा धर्मविचार आमचा नव्हे, आणि त्याची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु हृदय, फुप्फुसे व आतडी ही सर्व माणसांची एकाच रीतीने चालतात, आणि त्यांविषयी कोणी खरेपणाने मोजमाप केले असेल तर ते समजून घेणे आपल्याही उपयोगाचे आहे.

स्वामी कुवलयानंद ह्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ता. ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई ह्या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. त्या काळी शिक्षकाचा पगार तो केवढा! घरची ओढाताण इतकी होती की, काही काळ ह्या कुटुंबास लोकांच्या साहाय्यावर दिवस काढावे लागले. मुलगा मात्र बुद्धीने तल्लख निघाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यास संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली व त्या बळावर तो बडोद्याच्या कॉलेजात गेला. तेथे अरविंद घोष हे त्या वेळी तरुण अध्यापक होते. त्यांचा व लोकमान्य टिळकांचा गुणे ह्यांच्या मनावर मोठा पगडा बसला, व लग्न न करिता देशसेवा करावयाची असे त्यांनी ठरविले. १९०७ पासून १९१० पर्यंत, म्हणजे पदवी मिळेतो, ते बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव ह्यांच्या हाताखाली तालीम करीत होते. पुस्तक व आखाडा ह्या दोहोंची गोडी एकाच माणसात क्वचित आढळते. गुणे ह्यांच्यात ती होती, आणि पुढील सर्व कार्याचे बीज मला तरी ह्या जोडीतच दिसते.

पुढे ते खानदेशात अंमळनेर येथे शिक्षणकार्यास लागले. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांचा हात होता, व १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्रमुख झाले. खेड्यापाड्यांतील अक्षरशत्रू लोकांशी त्यांचा ह्या दिवसांत निकट संबंध आला, आणि अज्ञान व भोळी समजूत ह्यांनी माणसांचे किती नुकसान होते हे त्यांनी जवळून पाहिले. १९२० साली इंग्रज सरकारने ते महाविद्यालय बंद केले.

तत्पूर्वी एक वर्ष, १९१९ साली, त्यांस दुसरे गुरू भेटले होते. परमहंस माधवदास हे बंगाली योगी नर्मदेच्या काठी मालसर येथे येऊन राहिले होते. त्यांच्याजवळ गुणे ह्यांनी आसने, प्राणायाम, बंध इत्यादी क्रिया शिकून घेतल्या व त्यांचा परिणाम स्वतःच्या देहावर अनुभविला. एवढ्यावर संतोष मानणारे शिष्य पुष्कळ असतात. गुरूने दिले, आपणास लाभले, आता इतरांस द्यावे, असा तो क्रम असतो. गुणे ह्यांच्या मनाची घडण वेगळी होती. देहाच्या आत हे घडते तरी कसे, आणि ते किती घडते, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. म्हणून १९२०-२१ साली ते आपल्या काही विद्यार्थ्यांस घेऊन बडोद्याच्या सरकारी इस्पितळात गेले, आणि तेथे क्ष-किरणांच्या यंत्रापुढे त्या विद्यार्थ्यांकडून उड्डियान व नौली ह्या क्रिया करविल्या.

ह्या क्रियांची थोडी माहिती दिल्यावाचून पुढील गोष्ट ध्यानात यावयाची नाही. उड्डियानात सर्व श्वास बाहेर टाकून, तो बाहेरच रोखून, छाती उचलतात, तेणेकरून पोट पाठीस लागल्यासारखे आत जाते. नौलीत त्याच स्थितीत पोटावरील दोन उभे स्नायू पुढे काढून फिरवितात. हे ज्यांस साधले आहे असे योगी पाण्यात बसून, कोणतीही पिचकारी न लाविता, गुदद्वाराने मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेत व आतडे धुऊन काढीत. ह्या क्रियेस बस्ती म्हणतात. आता आतडे हा काही हातापायासारखा आपल्या हुकमातला अवयव नव्हे. अन्न गिळल्यानंतर ते कोठवर आले व आतड्याने ते केव्हा पुढे ढकलले, ह्याची आपणांस वार्ताही नसते. मग योग्याचे आतडे पाणी वर कसे खेचते? लोक म्हणत, ही प्राणशक्ती होय. लोक असे म्हणाले की, सामान्यतः विचार तेथेच थांबतो.

कुवलयानंदांनी तो थांबू दिला नाही. त्यांनी आतड्याच्या आतील दाब पाऱ्याच्या नळीने मोजला. नौली चालू असता तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो, असे पाऱ्याने दाखविले. होळीच्या दिवसांत मुले पिचकारीचा दट्ट्या मागे ओढतात तेव्हा रंगाचे पाणी आत शिरते. पिचकारीस काही शक्ती प्राप्त झालेली नसते. आत पोकळी झाली म्हणून बाहेरची हवा पाण्यास आत लोटते, इतकेच. येथेही तोच प्रकार होता. आतडे योग्याचे ऐकत नव्हते. ऐकत होते ते पोटाचे व छातीचे स्नायू, जे तुमचे आमचेही ऐकतात. त्या स्नायूंनी पोटात जागा केली व उरलेले काम हवेने केले. ह्या पोकळीस त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून माधवदास निर्वात असे नाव दिले. गुरूची कृती चमत्काराच्या सदरातून काढून हवेच्या दाबाच्या नियमात बसविली, आणि त्या नियमालाच गुरूचे नाव दिले! मला ह्यात त्यांच्या स्वभावाच्या दोन्ही बाजू दिसतात.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली व त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले. डोंगरातील त्या गावी, जेथे मुंबईची मंडळी हवा पालटण्यास जात, तेथे त्यांनी प्रयोगशाळा मांडली. कोणत्या क्रियेने रक्तदाब किती चढतो वा उतरतो, पोटातील दाब किती पडतो, श्वासातून किती प्राणवायू घेतला जातो व किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, ह्यांची मोजणी तेथे चाले व ती त्रैमासिकात प्रसिद्ध होई.

येथे थोडे थांबून, हे आपोआप चालणारे व्यापार म्हणजे काय ते पाहू. आपल्या देहात जणू दोन कारभार आहेत. हात उचलावा, पाऊल टाकावे, बोलावे, हा एक. हा आपल्या इच्छेप्रमाणे चालतो. हृदयाने ठोके द्यावे, आतड्याने अन्न पुढे न्यावे, उन्हात घाम यावा, अंधारात डोळ्याची बाहुली मोठी व्हावी, हा दुसरा. ह्यास आपली अनुज्ञा लागत नाही. ह्या दुसऱ्या कारभाराची कचेरी मेंदूच्या तळाशी आहे. जेथे मेंदू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूस मिळतो, तेथील अंगठ्याच्या पेराएवढ्या भागातून श्वास व हृदय ह्यांचे नियमन होते. त्याच्या वर, मेंदूच्या मध्यभागी खालच्या अंगास, हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. भूक, तहान व अंगातील उष्णता ही त्याच्याकडे असतात. तेथून मज्जातंतूंच्या दोन जाती निघून आतील अवयवांकडे जातात. एक जात पराणीसारखी टोचून चालविते, दुसरी कासऱ्यासारखी आवरून धरते. हृदयाचा कासरा म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. लॅटिन भाषेत ह्या नावाचा अर्थ भटक्या असा आहे, आणि तो मानेतून उतरून छाती व पोट ह्यांत दूरवर फिरतो म्हणून त्यास ते नाव पडले. हा तंतू विजेने चेतविला असता हृदय मंद होते व थांबतेही, हे १८४५ साली वेबर ह्या जर्मन बंधूंनी दाखविले. कुवलयानंद बडोद्याच्या इस्पितळात प्रयोग करीत होते त्याच सुमारास ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी ह्या शास्त्रज्ञास ईस्टरच्या सणात रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला, आणि बेडकांच्या दोन हृदयांवर तो करून, व्हेगस हा कासरा एका रसायनाच्या द्वारे ओढतो असे त्याने सिद्ध केले. १९२१ साली ते प्रसिद्ध झाले व १९३६ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. हायपोथॅलॅमसविषयीच्या शोधाबद्दल स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस ह्यांस ते १९४९ साली मिळाले.

आता ह्या दोन कारभारांच्या मध्ये एक दार आहे, व ते म्हणजे श्वास. झोपेत श्वास आपोआप चालतो. जागेपणी आपण तो लांबवू शकतो, रोखू शकतो. एकाच कामावर दोन धनी आहेत. पण त्यांतील खरा धनी कोण, हे श्वास रोखून पाहणारास लवकरच कळते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला की मेंदूच्या तळची ती कचेरी आपला हुकूम मागे घेते, आणि मनाने कितीही निश्चय केला तरी तोंड उघडते. वाचकाने एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी धरून अगदी सावकाश श्वास घ्यावा व सावकाश सोडावा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद व सोडताना किंचित मंद होते, असे पुष्कळांस, विशेषतः तरुणांस, बोटांना जाणवेल. हृदयास आपण काही सांगितले नाही. श्वासास सांगितले, आणि श्वासाबरोबर व्हेगसचा कासरा सैल झाला व ताणला गेला. प्राणायामाच्या अभ्यासात जे खरे आहे, त्याचा मोठा भाग ह्या साध्या गोष्टीत आहे असे मला वाटते.

प्राणायामाने पुष्कळ जादा प्राणवायू रक्तात जातो व त्यामुळे मनुष्य सतेज होतो, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. आजही ती गावोगाव ऐकू येते. कुवलयानंदांचाच ह्या विद्येचा व्यवसाय. ही समजूत कायम राहती तर त्यांचे काही बिघडत नव्हते. परंतु आपल्या प्रयोगशाळेतील मोजणीवरून, जादा प्राणवायू हे प्राणायामाचे रहस्य नव्हे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ह्याचे कारण समजण्यास कठीण नाही. निरोगी माणसाच्या साध्या श्वासानेच रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायूने शेकडा ९५ हून अधिक भरलेले असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? प्राणायामाचा उपयोग आतील दाबांत व मज्जातंतूंत शोधावा, असे त्यांचे मत होते.

त्यांच्या कीर्तीमुळे दूरदूरचे लोक लोणावळ्यास येऊ लागले. १९२७ साली गांधीजींस रक्तदाबाचा विकार होऊन ते नंदी हिल्स येथे विश्रांती घेत होते, तेव्हा आसनांविषयी त्यांचा व कुवलयानंदांचा पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहनान हे केरळातील ख्रिस्ती कुटुंबातले तरुण संशोधक त्यांच्याजवळ राहून ह्या क्रिया शिकले, व त्यांनी येल येथे स्वतःच्याच देहावर मोजणी केली. त्यांचे पुस्तक १९३७ साली निघाले. उज्जायी प्राणायामाच्या वेळी आपला प्राणवायूचा खर्च शेकडा २४.५ ने वाढला, असा त्यांचा आकडा आहे, आणि प्राणायामानंतर लगेच गणितासारखी बुद्धीची कामे थोडी मंदावतात, असेही त्यांस आढळले. पहिली गोष्ट वरवर पाहता गुरूच्या मताशी जुळत नाही, व दुसरी तर कोणत्याही योगप्रचारकास आवडण्याजोगी नव्हे. परंतु बेहनान ह्यांनी दोन्ही छापल्या. एका माणसाने स्वतःवर केलेली ती मोजणी होती, एवढे ध्यानात ठेवून ती वाचावी.

कुवलयानंदांच्या कामात उणिवा नव्हत्या असे नाही, व त्या झाकून चरित्र लिहिणे मला योग्य वाटत नाही. त्यांचे प्रयोग थोड्या माणसांवर होत, आणि ती माणसे बहुधा ह्या विद्येवर आधीच श्रद्धा असलेली असत. शिवाय दाब मोजला म्हणजे लाभ मोजला असे होत नाही. सर्वांगासनाने कंठातील थायरॉइड ग्रंथीस बल येते, असे त्यांनी आपल्या पुस्तकात सांगितले. आज त्यास पुरेसा आधार दिसत नाही. जेथे त्यांनी पाऱ्याची नळी लाविली तेथे ते भक्कम उभे आहेत. जेथे ती लाविता आली नाही तेथे तेही इतरांप्रमाणे आपल्या आवडीकडे झुकले.

संस्थेचा विस्तार थोडक्यात सांगतो. १९३२ साली मुंबईत शाखा निघाली व १९३६ पासून ती चौपाटीजवळ आपल्या जागेत आली. पुढे राजकोटास शाखा झाली, १९५१ साली लोणावळ्यास महाविद्यालय व १९६१ साली रुग्णालय झाले. ह्या सर्व खटपटीत पैसा उभा करणे, माणसे सांभाळणे, समित्यांवर बसणे ही कामे त्यांस करावी लागली. संस्था चालविणाऱ्या कोणाही माणसास त्याची कल्पना येईल.

आता आमच्या आबांच्या प्रश्नाकडे येऊ. १९३५ साली तेरेझ ब्रोस ह्या फ्रेंच हृदयतज्ज्ञ बाई हृदयाची वीज नोंदविणारे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या होत्या. त्यांनी घेतलेल्या नोंदींपैकी एकीत एका योग्याच्या हृदयाची रेघ जवळजवळ सपाट झालेली दिसली, आणि योगी हृदय थांबवितो हे सिद्ध झाले, अशी वार्ता जगभर गेली. पुढे वीस वर्षे ती तशीच सांगितली गेली. १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मॅरियन वेंगर व मिशिगन विद्यापीठाचे बसू कुमार बागची हे दोघे अधिक चांगली यंत्रे घेऊन ह्याच शोधार्थ आले. ह्यांतील बागची पूर्वायुष्यात स्वतः संन्यासी होते व स्वामी धीरानंद ह्या नावाने अमेरिकेत योगाचा उपदेश करीत असत. तो वेष सोडून ते मेंदूच्या विजेचे अभ्यासक झाले होते. सारांश, योग्यांच्या बाजूने व विरुद्ध काय बोलले जाते हे ते दोन्हीकडून जाणत होते. हे दोघे लोणावळ्यास कुवलयानंदांच्या प्रयोगशाळेत सुमारे दीड महिना होते. दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद हेही ह्या कामात सामील झाले. हायपोथॅलॅमसमध्ये भुकेचे केंद्र कोठे आहे, हे ज्यांनी १९५१ साली येल येथे ब्रोबेक ह्यांच्याबरोबर दाखविले, तेच हे आनंद होत.

कुवलयानंदांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे गेले होते. ज्या विद्येस त्यांनी आयुष्य वाहिले तिच्यातील सर्वांत गाजलेला दावा हे पाहुणे तपासणार होते, आणि निकाल काय लागेल हे कोणासही ठाऊक नव्हते. तथापि त्यांनी आपली जागा ह्या कामास दिली.

निकाल १९६१ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात ठिकठिकाणी मिळून, हृदयावर आपली सत्ता चालते असे म्हणणारे चार जण तपासले गेले. त्यांतील तिघांची रीत एकच होती. श्वास भरून घ्यावयाचा, कंठ बंद करावयाचा, आणि छाती व पोट ह्यांचे स्नायू जोराने आवळावयाचे. असे केले म्हणजे छातीत दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परत येणारे रक्त अडते, हृदयास पुढे ढकलावयास फारसे उरत नाही, मनगटाची नाडी लागत नाही, आणि नळी लावून ऐकणाऱ्या डॉक्टरास ठोकाही ऐकू येत नाही. परंतु विजेच्या यंत्राची रेघ चालूच होती. हृदय एक क्षणही थांबले नव्हते. ते जवळजवळ रिकामे धडधडत होते. चौथ्याचे हृदय खरोखर मंद झाले, कारण त्याच्या व्हेगसचा कासरा जोराने ताणला गेला. पण तेथेही स्नायूंचा व श्वासाचा आधार होताच. इच्छेची सत्ता सरळ आतील अवयवांवर चालणे फार विरळा असावे, आणि जेथे ती चालते असे म्हणतात तेथे बहुधा श्वास किंवा स्नायू मध्ये असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बडोद्यास आतड्याविषयी जे आढळले, तेच पस्तीसेक वर्षांनी हृदयाविषयी आढळले.

तरी त्यांनी सर्वच दावे केराच्या टोपलीत टाकिले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांस एक योगी भेटला, ज्याने हिमालयातील गुहांत थंडीचे दिवस काढिताना आपण उष्ण प्रदेशात आहो अशी भावना करण्याचा अभ्यास केला होता. तो काही मिनिटांत आपल्या कपाळावर घाम आणी, आणि तो घाम खरा होता. घाम हे त्या दुसऱ्या कारभारातलेच काम. १९६१ सालीच दिल्लीस डॉ. आनंद व त्यांचे सहकारी ह्यांनी रामानंद नावाच्या योग्यास हवाबंद पेटीत बसविले, तेव्हा स्वस्थ बसलेल्या माणसास जेवढा प्राणवायू लागतो त्याहून कमी प्राणवायूवर तो राहिला. म्हणजे आतील कचेरी अगदीच बहिरी नाही. दीर्घ अभ्यासाने, आडवाटेने, थोडेसे तिच्या कानी घालता येते. आज सावकाश श्वसनाने मनाचा ताण उतरतो व रक्तदाब काहींचा किंचित कमी होतो, हे डॉक्टरही मानतात व तसा सल्ला देतात. तो सल्ला औषधाबरोबर घ्यावयाचा आहे, औषधाच्या जागी नव्हे. आणि श्वास कोंडून छाती आवळण्याची जी रीत वर सांगितली, ती हृदय दुबळे असलेल्या माणसाने कधीही करून पाहू नये. तिने भोवळ येते, व हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो.

ता. १८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंद निवर्तले. त्यांच्यामागे प्रयोगशाळा बंद पडली नाही. जमिनीत पुरून घेऊन समाधी लाविणाऱ्यांचे खेळ आमच्या मराठवाड्यातही लोकांनी पाहिले आहेत; लोणावळ्याच्या संशोधकांनी हवाबंद खड्डा तयार करून त्यात माणसे बसविली, आतील हवा वेळोवेळी तपासली, आणि १९६८ साली ते आकडे छापले. योगमीमांसा आजही निघते.

नाथषष्ठीनंतरच्या आठवड्यात मी त्या दोघा तरुणांस व आबांस घरी बोलाविले. एक मोठे लिंबू घेऊन मी ते सदऱ्याच्या आत काखेत धरिले, व आबांस माझे मनगट धरावयास सांगितले. दंड अंगाशी घट्ट दाबताच काखेतील रक्तवाहिनी लिंबाखाली दबते, व मनगटाची नाडी मंद होत होत नाहीशी होते. यात्रेतल्या त्या मनुष्याने हेच केले असेल किंवा छाती आवळली असेल, ते मी सांगू शकत नाही. तो त्यापूर्वीच गाव सोडून गेला होता. आबांची बोटे माझ्या मनगटावर नाडी शोधीत राहिली. ती मिळेना, तेव्हा ते घाबरून माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी त्यांस माझ्या छातीला कान लावावयास सांगितले. काठी बाजूस ठेवून ते वाकले, बराच वेळ ऐकत राहिले, आणि मग त्या तरुणांपैकी एकास बोलावून, आता तू ऐक, असे त्यांनी खुणेने सांगितले. जाताना त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: सकाळची गोळी राहिली आहे, ती आता घेतली तर चालेल काय?